‘अँग्री’ की ‘अँगर’? भाववाचक नामं पोरांना शिकवायची तरी कशी?

मानेवाडा_मेट्रो | रात्री ८:५२

राजेहो, जरा मदत करा. मुलगी सातवीत आहे, सेमी इंग्रजीत. इंग्रजी व्याकरणात सध्या ‘अ‍ॅबस्ट्रॅक्ट नाउन’ चालू आहे, म्हणजे आपलं भाववाचक नाम. वहीत व्याख्या उतरवून दिली: ज्याला हात लावता येत नाही, जे डोळ्यांना दिसत नाही ते. खाली भावनांची यादी: जॉय, अँगर, फिअर, सॉरो, लव्ह, हेट्रेड. यादी तोंडपाठ आहे. पण वाक्यातून ओळखायला लावलं की ‘द टीचर वॉज अँग्री’मध्ये ती बिनधास्त ‘अँग्री’खाली रेघ ओढते. मी म्हटलं हे विशेषण आहे. तर म्हणते, "राग आहे ना बाबा? मग रागाले हात लावता येते का?"

आता यावर काय बोलणार!

पुढे त्याच यादीत ‘पेन’ (लिहायचा नाही, दुखण्याचा) आणि ‘हीट’ पण आहे. दाढ ठणकली की चांगलं कळते, मग ते अ‍ॅबस्ट्रॅक्ट कसं, हा तिचा दुसरा प्रश्न. मला तर वाटते ही व्याख्याच पोरांना फसवते. तुमच्याकडे कसं समजावलं?

कुलरमधलं_पाणी | रात्री ९:०१

‘हीट’ला हात लावता येत नाही म्हणणाऱ्याला मे महिन्यात दुपारी दोनला आपल्या नागपूरच्या झिरो माइलच्या दगडाला टेकून उभं करा. व्याख्या आपोआप बदलून येईल.

तर्रीपोहा | रात्री ९:०४

हहपुवा (हसून हसून पुरेवाट). नवतपात आमच्याकडे स्कूटीची सीटसुद्धा भाववाचक होते, बसताना तोंडातून फक्त भाव निघतात.

सेमीवाली_मॅडम | रात्री ९:४०

मी हेच शिकवते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मेट्रो, तुमच्या मुलीचं डोकं बरोबर चाललंय. ती मराठीतून विचार करते आणि मराठीत भावना बहुतेक वेळा नाम म्हणूनच येते. मला राग आला. मला भीती वाटली. मला आनंद झाला, कंटाळा आला, लाज वाटली, दया आली. भावना येते, होते, वाटते. माणूस आपला ‘मला’ होऊन एका बाजूला बसलेला. इंग्रजीत रोजच्या बोलण्यात हेच सगळं विशेषणावर चालतं: आय वॉज अँग्री, आय वॉज अफ्रेड, आय अ‍ॅम बोअर्ड, आय अ‍ॅम अशेम्ड. भुकेचंही तसंच, ‘आय अ‍ॅम हंग्री’. थंडी वाजते तर ‘आय अ‍ॅम कोल्ड’. झोप आली तर ‘आय अ‍ॅम स्लीपी’.

आता पोरांच्या वहीत दुसरीपासून काय असतं? एका बाजूला ‘मला राग आला’, समोर ‘आय वॉज अँग्री’. मूल शब्दाला शब्द लावतं आणि राग म्हणजे अँग्री, भूक म्हणजे हंग्री हे पक्कं करून टाकतं. सातवीत अचानक आपण सांगतो की राग म्हणजे ‘अँगर’ आणि भूक म्हणजे ‘हंगर’. तोवर पाच वर्षं उलटं गिरवून झालेलं असतं. उत्तरपत्रिकेत मग ‘अँगर केम टू मी’ येतं किंवा ‘ही हॅज व्हेरी अँग्री’ येतं. ‘मला कंटाळा आला’चं ‘आय अ‍ॅम बोअरिंग’ तर दरवर्षीचं आहे. लिहिणाऱ्याला कल्पना नसते की त्याने स्वतःला कंटाळवाणा माणूस जाहीर केलंय.

हात लावायची कसोटी वर्गात मी पहिल्या दिवशी सांगते आणि मग सोडून देते. तिने फक्त नामानामात फरक कळतो, आणि तोही अर्धवट. एखादा शब्द मुळात नाम आहे का, हे तिला विचारून उपयोग नाही. त्यासाठी शब्द वाक्यात बसवून बघायचा. ‘व्हेरी’ लावून बघा: व्हेरी अँग्री चालतं, व्हेरी अँगर चालत नाही. मग ‘हिज’ लावून वाक्य पुरं करा: हिज अँगर वॉज टेरिबल चालतं, हिज अँग्री वॉज टेरिबल कानाला खुपतं. मुलांना हे पटकन जमतं.

फक्त ‘आय फील’ने तपासू नका. आय फील अँगर आणि आय फील अँग्री, दोन्ही बरोबर आहेत. तिथे पोरं घोळ घालतात.

अभ्यासिका_टेबल_१४

मॅडम, पटलं. पण स्पर्धा परीक्षेत एवढा वेळ नसतो. आम्ही शेपूट बघतो. नेस, इटी, शिप, हूड, डम, मेंट, शन, अन्स दिसलं की भाववाचक. हॅपीनेस, काइंडनेस, फ्रीडम, चाइल्डहूड, फ्रेंडशिप. मराठीच्या पेपरला पण तेच: पणा, त्व, ता, की, गिरी, वा, ई. शहाणपणा, शत्रुत्व, नम्रता, पाटिलकी, गुलामगिरी, गोडवा, श्रीमंती. खटाखट मार्क. मेट्रोभाऊ, मुलीला शेपटांचा तक्ता करून द्या, भिंतीवर लावा, विषय संपला.

तर्रीपोहा | रात्री १०:१५

टेबल १४, ‘नेबरहूड’ला हूड आहे. आमचं नेबरहूड सक्करदऱ्यात आहे, तिथे खड्डे आहेत आणि त्या खड्ड्यांना चांगला हात (पाय, चाक) लागतो.

मेट्रो, मुलीला पाचवीत स्कॉलरशिप होती का? तिला शिप आहे. बँकेत जमा झाली तेव्हा अमूर्त वाटली का?

खामल्याची_आई

किंगडमपण घ्या. डम आहे, पण नकाशावर दाखवता येतं. आणि ‘युथ’? तारुण्य म्हटलं तर भाववाचक, ‘टू युथ्स’ म्हटलं तर पानठेल्यावर उभे असलेले दोन पोट्टे.

अभ्यासिका_टेबल_१४

चार अपवाद काढले म्हणून नियम मोडत नाही ताई. शंभर प्रश्नांत एक असा येतो.

जुना_मास्तर | सकाळी ६:२०

काटोल तालुक्यात शिक्षक होतो, आता निवृत्त. मी नोकरीला लागलो तेव्हा जिल्हा परिषदेच्या शाळेत इंग्रजी पाचवीपासून असे. पहिलीपासून ते २००० साली आलं. पाचवीच्या पोराला निदान मराठी व्याकरण ठाऊक असायचं, नाम-विशेषण सांगावं लागत नसे. असो, तो वेगळा धागा होईल.

टेबल १४ यांच्या शेपटांत एक राहिलं, ‘थ’. लाँग–लेंग्थ, स्ट्राँग–स्ट्रेंग्थ, वॉर्म–वॉर्म्थ, डीप–डेप्थ, ट्रू–ट्रुथ. ग्रो–ग्रोथ आणि डाय–डेथही त्याच घरातले. हे इंग्रजीचं जुनं सामान आहे. ‘नेस’सुद्धा अस्सल घरचं. ‘इटी’ मात्र लॅटिनमधून फ्रेंचांच्या हाताने आलेलं, आपल्याकडे ‘गिरी’ जशी फारसीतून आली तसं. आणि ‘हेट्रेड’मधलं शेवटचं ‘रेड’ कोणी विचारत नाही. तोही जुना प्रत्यय आहे, अवस्था दाखवणारा. ‘किंड्रेड’मध्ये आहे, बाकी जवळजवळ गेलाच.

भावनांचे शब्द तर आणखी मजेशीर. ‘सॅड’ म्हणजे जुन्या इंग्रजीत पोट भरलेला, तृप्त. तृप्ताचा जड झाला, जडाचा गंभीर, गंभीराचा दुःखी. ‘अँगर’ स्कँडिनेव्हियातून आला आणि तिकडे त्याचा अर्थ दुःख, क्लेश असा होता. ‘हॅपी’मधला ‘हॅप’ म्हणजे नशीब. ‘पर्हॅप्स’, ‘हॅपन’, ‘मिसहॅप’ त्याचीच भावंडं. ‘फिअर’चा मूळ अर्थ अचानक ओढवलेलं संकट; म्हणजे आधी ते बाहेर होतं, नंतर माणसाच्या मनात शिरलं. हे सांगितलं की शेवटच्या बाकावरचा पोरगाही मान वर करायचा. तक्ता भिंतीवर लावून मान वर होत नाही, हे माझं मत.

कुलरमधलं_पाणी

सावजीत जेवून उठलो की मी जुन्या अर्थाने सॅड असतो.

सदाशिवपेठी | सकाळी ९:१०

मॅडमचा सिद्धांत छान आहे, पण पूर्ण खरा नाही. मराठीत ‘मला राग आला’ आहे तसंच ‘मी चिडलो’ आहे. ‘मला भीती वाटली’ आहे आणि ‘मी घाबरलो’ आहे. लाजणे, रुसणे, हिरमुसणे, भांबावणे, ओशाळणे, वैतागणे: मराठीत भावनेची क्रियापदं इतकी आहेत की इंग्रजीने हेवा करावा. तेव्हा मराठी मुलाच्या डोक्यात भावना म्हणजे नामच असते, हे जरा ओढूनताणून झालं.

आणि नागपूरकरांनी आधी ‘करून राहिलो’ सोडावं, मग इंग्रजीकडे वळावं. (हलके घ्या.)

तर्रीपोहा

आले पुणेकर. पॉपकॉर्न कोणाकडे आहेत? पोहे आहेत माझ्याकडे.

खामल्याची_आई | सकाळी ९:३५

आमच्याकडे तर ‘भेणे’ पण आहे हो. "भेऊ नको बाप्पा", "तो भेला". भीती नाही, घाबरणं नाही, थेट भेणे. पेठेत हरवलं असेल तुमच्या.

सेमीवाली_मॅडम | सकाळी ११:०२

सदाशिवपेठी, क्रियापदांचं म्हणणं मान्य. ‘रुसणे’साठी तर इंग्रजीत ‘सल्क’ म्हणावं लागतं आणि त्यात रुसण्याचा लाड येत नाही. पण पाठ्यपुस्तकात आणि भाषांतराच्या वहीत ‘मला राग आला’च असतं, ‘मी वैतागलो’ नसतं. मुलाचा गोंधळ तिथून सुरू होतो, एवढंच माझं म्हणणं. शिवाय नागपुरात अर्धं बोलणं हिंदीतून. तिथेही ‘मेरे को गुस्सा आया’, ‘मेरे को डर लगता’. दोन्हीकडून तीच सवय पक्की होते.

‘करून राहिलो’बद्दल मात्र तुम्ही गंमतीत बोललात तरी मुद्दा कामाचा आहे. "मले हे गाणं लय आवडून राहिलं", "मले तुझा राग येऊन राहिला", हे आमच्याकडे अगदी सहज. पोरं त्याचं सरळ ‘आय अ‍ॅम लायकिंग धिस साँग’ करतात. इंग्रजीत लाइक, लव्ह, हेट, नो, वॉन्ट ही मनाच्या स्थितीची क्रियापदं, ती सहसा चालू काळात जात नाहीत. पुण्याच्या मुलाला ‘मला आवडतंय’मुळे तोच त्रास होतो, फक्त तो ‘राहून’ होत नाही.

कुलरमधलं_पाणी

मग बर्गरवाले २००३ पासून ‘आय अ‍ॅम लव्हिंग इट’ म्हणून राहिले ते नागपूरचे का?

सेमीवाली_मॅडम

जाहिरातीला माफ असतं. सहामाहीला नसतं.

काळा_कोट | दुपारी १:४८

लंच टाइममध्ये वाचतोय. खामल्याच्या ताईंनी ‘युथ’ काढलं त्यावरून आठवलं. आमच्या सिव्हिल लाइन्समधल्या उच्च न्यायालयात दिवसभर भाववाचक नामांशीच बोलणं असतं. ‘युवर लॉर्डशिप’: शिप. ‘युवर ऑनर’: सन्मान, शुद्ध भाववाचक. राजाला ‘मॅजेस्टी’, राजपुत्राला ‘हायनेस’, राज्यपालांना पूर्वी ‘एक्सलन्सी’. समोर जिताजागता माणूस बसलाय आणि आपण त्याच्या गुणाला वंदन करतोय. बार कौन्सिल ऑफ इंडियाने २००६ मध्ये ठराव करून ‘माय लॉर्ड’, ‘युवर लॉर्डशिप’ सोडा आणि ‘युवर ऑनर’ किंवा ‘ऑनरेबल कोर्ट’ म्हणा असं सुचवलं. जुन्या वकिलांच्या तोंडून ते अजून जात नाही. म्हणजे लॉर्डशिप सोडून ऑनर धरा म्हणाले, तरी भाववाचक ते भाववाचकच!

मराठीत पण आहे हे. ‘स्वारी आली का घरी?’ यात स्वारी म्हणजे नवरा.

खामल्याची_आई

आमची स्वारी संध्याकाळी फुटाळा तलावावर असते, भुट्टा खात. पूर्ण मूर्त आहे, वजनासकट.

रामटेकची_पायवाट | दुपारी ३:३०

सगळा धागा वाचला. ‘भाव’ हा शब्द शाळेत आपण दोन ठिकाणी वापरतो आणि तिथे एक घोटाळा होतो, त्याकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. ‘भाववाचक’मधला भाव म्हणजे असणं, अवस्था, धर्म. तो भावनेचा भाव नाही. लांबी, रुंदी, खोली, गरिबी, चोरी, बालपण ही सगळी भाववाचक नामं आहेत आणि त्यात भावना कुठेच नाही. पोरांना मात्र वाटतं की भाववाचक म्हणजे भावना दाखवणारा शब्द. मग ‘अँग्री’खाली रेघ येणारच, आणि ‘लेंग्थ’ सुटून जाणार. मेट्रो, मुलीला एकदा विचारून बघा की ‘हाइट’ आणि ‘थेफ्ट’ भाववाचक आहेत का. मला वाटतं ती नाही म्हणेल.

भावना दिसत नाहीत, हेही भरतमुनींचं नाट्यशास्त्र मान्य करणार नाही. भरताने आठ स्थायी भाव सांगितले: रती, हास, शोक, क्रोध, उत्साह, भय, जुगुप्सा, विस्मय. तेहतीस व्यभिचारी (म्हणजे येऊन-जाऊन असणारे) आणि आठ सात्त्विक (म्हणजे अंगावर उमटणारे) धरून एकूण ४९. त्यातले सात्त्विक बघा: घाम, रोमांच, कंप, अश्रू, आवाज फुटणं, रंग उतरणं. हे सगळं प्रेक्षकाला दिसतं, दिसावं म्हणूनच सांगितलंय. व्यभिचारी भावांत तर निद्रा आणि आळससुद्धा आहेत. म्हणजे झोप, थकवा भावनांबरोबर मोजायचे की शरीराच्या अवस्था म्हणून वेगळे काढायचे, हा प्रश्न फार जुना आहे.

इंग्रजीतही ‘इमोशन’ हा शब्द भावनांवर फार पूर्वीपासून बसलेला नाही. १६व्या शतकात फ्रेंचमधून आला तेव्हा तो खळबळीसाठी, लोकांच्या दंग्याधोप्यासाठीही वापरत. मनातल्या गोष्टींना ‘पॅशन’ आणि ‘अफेक्शन’ म्हणत. एडिंबराच्या थॉमस ब्राऊनच्या व्याख्यानांनंतर, १९व्या शतकात, ‘इमोशन’ हे शास्त्रातलं सगळ्यांना पुरेल असं नाव झालं.

कुलरमधलं_पाणी

४९ भावांपैकी घाम हा नागपूरचा स्थायी भाव. भरतमुनींनी सात्त्विकात टाकला, कारण ते इकडे उन्हाळ्यात आले नसावेत.

अभ्यासिका_टेबल_१४

‘भाव म्हणजे भावना नाही’, हे कोणी सातवीत सांगितलं असतं तर बरं झालं असतं. वाखूसाआ (वाचनखूण साठवली आहे).

बर्फातला_वैदर्भी | रात्री ९:२०

धरमपेठेतला, सध्या माँट्रियलला. इथे पोरं फ्रेंच शाळेत जातात. फ्रेंचमध्ये भूक आणि भीती दोन्हींसाठी ‘असणे’ वापरतात, म्हणजे ‘माझ्याकडे भूक आहे’, ‘माझ्याकडे भीती आहे’. स्पॅनिशमध्येही तसंच. त्यामुळे ‘आय अ‍ॅम हंग्री’ ही काही जगाची रीत नाही, इंग्रजीची सवय आहे. माझ्या लहान्याला घरात मराठी, शाळेत फ्रेंच, अंगणात इंग्रजी. फ्रेंचमध्ये भुकेला नाम ठेवायला त्याला अजिबात जड गेलं नाही, इंग्रजीत मात्र अडखळला. मॅडमच्या म्हणण्याला माझ्याकडून +१.

रच्याकने (म्हणजे बाय द वे), उणे वीसमध्ये ‘कोल्ड’लाही हात लागतो. कुलरवाल्यांनी नोंद घ्यावी.

मानेवाडा_मेट्रो | दुसऱ्या दिवशी, रात्री ८:३०

सगळ्यांचे आभार. रामटेकवाले, तुमचं अगदी खरं निघालं. ‘हाइट’ला ती ठामपणे नाही म्हणाली, "त्यात भावना कुठे आहे?" मग तिला गोडी, उंची, चोरी, म्हातारपण असं मराठीतून दाखवलं. ‘व्हेरी’ आणि ‘हिज’ची कसोटी तर खेळासारखी झाली, घरातले सगळे शब्द तपासून झाले. आजी पण सामील झाली. आजीचा शब्द होता ‘टेन्शन’. व्हेरी टेन्शन? नाही. हिज टेन्शन? चालते. नाम! आजीला खरंच टेन्शन येते, आणि तिच्या बोलण्यात ते नेहमी ‘येते’च.

दोन गोष्टींवर अडलो. एक, ‘फन’. तिची इंग्रजी शिकणारी मैत्रीण ‘सो फन’, ‘व्हेरी फन’ बोलते, मग हे विशेषण का? दोन, भाववाचकाला ‘अ’ लागत नाही असं वहीत आहे, पण धड्यात ‘इट इज अ पिटी’ आलंय.

सेमीवाली_मॅडम | रात्री १०:१०

‘फन’ मुळात नाम. ‘वी हॅड ग्रेट फन’ हे जुनं, निर्धोक. बोलण्यात लोक ते विशेषणासारखं वापरू लागलेत, ‘अ फन पार्टी’ सर्रास ऐकू येतं. परीक्षेत नाम म्हणूनच लिहायला सांगा.

‘अ’बद्दल वहीतला नियम अर्धा आहे. भावना सर्वसाधारण, मोजमापाशिवाय असेल तर काही लागत नाही: फिअर मेक्स अस वीक. कोणाची, कशाची हे ठरलं की ‘द’ येतो: द फिअर ऑफ एक्झाम्स. एखादा प्रसंग किंवा एक प्रकार सांगायचा असेल तेव्हा ‘अ’ चालतो, आणि पुष्कळदा नामाआधी विशेषण असतं: अ डीप लव्ह, अ ग्रेट ऑनर, अ पिटी, अ जॉय टू वॉच. अनेकवचनही होतं, तेव्हा अर्थ सरकतो. ‘होप्स’, ‘फिअर्स’ म्हणजे वेगवेगळ्या आशा, वेगवेगळ्या धास्त्या. ‘थँक्स’ आणि ‘काँग्रॅच्युलेशन्स’ कायम अनेकवचनात. ‘न्यूज’ अनेकवचनासारखा दिसतो पण एकवचन आहे, आणि त्याला ‘अ’ लावायचा नाही.

म्हणून हात लागतो का, यापेक्षा मोजता येतं का हे मुलांनी आधी विचारावं. फर्निचर डोक्यावर पडलं तर टेंगूळ येतं, तरी ‘फर्निचर्स’ होत नाही. आयडिया कोणाला दिसलेली नाही, तरी ‘टू आयडियाज’ होतं. ‘अ’, ‘मच’, ‘मेनी’ सगळं या मोजण्यावर ठरतं; मूर्त-अमूर्तावर वाक्यातलं फारसं काही अडत नाही. तुमच्या पहिल्या प्रश्नातल्या ‘पेन’चंही तसंच. ‘आय अ‍ॅम इन पेन’मध्ये मोजता येत नाही, ‘अ पेन इन माय नी’मध्ये येतं. ते मूर्त की अमूर्त यावर वाद घालत बसू नका, पेपरात अमूर्तच लिहा.

पुढची पायरी शब्दयोगी अव्ययांची. अफ्रेड ऑफ, अशेम्ड ऑफ, माणसावर अँग्री विथ आणि गोष्टीवर अँग्री अबाउट. ‘प्राउड ऑफ’ पण ‘प्राइड इन’. भीतीने थरथरला तर ‘विथ फिअर’, भीतीपोटी खोटं बोलला तर ‘आउट ऑफ फिअर’. हे पाठच करावं लागतं. पण यादी पाठ करू नका, एकेक वाक्य करा.

जुना_मास्तर | सकाळी ६:०५

‘अफ्रेड’बद्दल एक भर. ‘द बॉय इज अफ्रेड’ चालतं, पण ‘अ‍ॅन अफ्रेड बॉय’ म्हणत नाहीत. ‘अस्लीप’, ‘अलाइव्ह’ यांचंही तसंच. नामाआधी लावायचं झालं तर ‘फ्राइटन्ड’ घ्यावं.

मानेवाडा_मेट्रो

टिपून घेतलं मास्तर. शनिवारी घटक चाचणी आहे.

तर्रीपोहा

मुलीला ‘बेस्ट ऑफ लक’ सांगा. लक: नाम, भाववाचक, ‘अ’ लागत नाही. बरोबर ना मॅडम?

सेमीवाली_मॅडम

बरोबर. एक मार्क.